आमचा एकुलता एक पर्यटक

नोकरीच्या चौथ्या दिवशी, दुपारी चार वाजता, आमच्या देशात पहिला परदेशी पाहुणा आला आणि आल्या आल्या कारंज्यात पडला.

खऱ्या कारंज्यात नाही हो! आमच्या पर्यटन खात्याने इंटरनेटवरच्या एका आभासी जगात देश उभारला होता. देश म्हणजे एक चौक, एक कारंजं, दोन डोंगर आणि समुद्राचा एक तुकडा. जगातल्या कुणीही घरबसल्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवायचा, आत यायचं, बघून हरखून जायचं आणि मग खरीखुरी तिकिटं काढायची, अशी योजना. स्वागताला आत एक बाहुली उभी असायची. उंच, सडपातळ, कधीही घाम न येणारी. ती मी. खरी मी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत, डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठा सरकवून बसलेली असायचे.

"अहो, कुणी आहे का?" कारंज्यातून आवाज आला. "तुमच्याकडे पाहुण्यांना आधी अंघोळ घालतात का?"

मला इतकं हसू आलं की पाठ केलेलं स्वागताचं वाक्यच विसरले. "हलू नका... मी पाणी बंद करते."

"नको, राहू द्या. आमच्या ऑफिसचा पंखा बंद आहे. नुसतं बघूनही गार वाटतंय."

त्याचं ऑफिस शेजारच्या देशात होतं, नदीपलीकडे. भाषा दोन्हीकडे एकच, रुसवेफुगवे मात्र वेगवेगळे. आभासी जगातही त्यांच्या सरकारने आमच्या भिंतीला भिंत लावून आपला देश थाटला होता, आणि हा तिथला स्वागत-बाहुला. चुकून आमचं दार उघडून आत आला होता.

"तुमच्याकडे गर्दी असते?" मी विचारलं.

"प्रचंड! कालच एक जण आला होता. दिवे दुरुस्त करणारा निघाला. तुमच्याकडे?"

"तुम्ही पहिलेच."

"अरेरे... म्हणजे — वा!" तो म्हणाला. "मग असं करू या का? तुम्ही रोज अकराला आमच्याकडे या, मी चारला तुमच्याकडे येतो. दोघांच्याही पाहुण्यांच्या तक्त्यावर शून्याऐवजी एक दिसेल."

"ही लबाडी झाली."

"शेजारधर्म म्हणतात त्याला."

नियम कडक होते. स्वागत करणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, नंबर परक्या देशाच्या माणसाला सांगायचा नाही आणि त्याचाही विचारायचा नाही. मी नियम अक्षरशः पाळला. तो माझा 'शेजारी' झाला, मी त्याची 'कारंजेवाली'.

बाहुल्यांना तीनच गोष्टी यायच्या : हात हलवणं, मान डोलावणं आणि टाळ्या वाजवणं. समुद्राकाठी बसताही यायचं नाही, कारण बसण्याची सोय पुढच्या वर्षीच्या मंजुरीत अडकली होती. म्हणून आम्ही दोन-दोन तास उभ्यानेच गप्पा मारायचो. त्याच्या चहावर फुंकर मारण्याचा आवाज मला ओळखू यायला लागला. सर्दी झाली की तो आवाज बसका व्हायचा आणि — खोटं का बोलू — जरा जास्तच छान वाटायचा.

"तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय, इथले लोक प्रेमळ आहेत," एकदा तो म्हणाला.

"आहेतच मुळी."

"उदाहरण?"

"स्वागत खिडकी क्रमांक एक."

"तिथे तर तुम्हीच असता."

"म्हणून तर खात्रीने सांगतेय."

त्यावर त्याच्या बाहुल्याने टाळ्या वाजवल्या. मग चुकून परत वाजवल्या. मग मान डोलावली. बिचाऱ्याला बटणंच सुचेनात...

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. एका सकाळी मला दारातच गाठून म्हणाली, "काय गं, ऑफिसला जाताना काजळ?"

"डोळ्यांना गारवा वाटतो."

"दिवसभर तर तो चष्मा लावून बसतेस. काजळ बघतं कोण?"

मी चपला घातल्या. तो मला बघू शकत नाही हे ठाऊक असूनही चारला पाच कमी असताना मी केस सारखे करत होते. बाहुलीचे नव्हे, माझे! प्रेमात पडले होते मी. ज्याचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलं नाही, अशा माणसाच्या. सांगायचं कुणाला?

दोन महिने झाले आणि अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला. एका सोमवारी साहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. आमचे साहेब जिने चढतात तेव्हा एक तर पगारवाढ असते किंवा आग.

"अभिनंदन!" धापा टाकत ते म्हणाले. "शेजारच्या देशातला एक पर्यटक रोज येतो. रोज! सरासरी मुक्काम दोन तास. अहो, खऱ्या देशातही कुणी इतकं थांबत नाही. मंत्र्यांना सांगितलं. त्या गृहस्थाला तिकीट पाठवून गुरुवारी इथे बोलवायचं आणि जाहीर सत्कार करायचा. ते आत येतात त्या संगणकावर उद्या पत्र पोचेल. त्यांना चकित करायचंय, तोवर तुम्ही अवाक्षर काढू नका!"

सत्काराला विचारतीलच, आपण काय करता? पाहुणा म्हणजे शेजारच्या सरकारचा स्वागत-बाहुला आहे हे कळलं की भर मंचावर त्याची शोभा होणार.

त्याच दिवशी चारला तो आला, तर साहेब माझ्या शेजारी खुर्ची टाकून, कानाला दुसरं यंत्र लावून बसलेले.

"नमस्कार," शेजारी म्हणाला. आवाज इस्त्री केल्यासारखा. "आपल्या देशाचं क्षेत्रफळ किती?"

मी सांगितलं.

"आणि... सरासरी तापमान?"

"सुखद."

"आभारी आहे." त्याने हात हलवला आणि अकराव्या मिनिटाला निघून गेला.

"अभ्यासू माणूस आहे," साहेब म्हणाले. मला मात्र रडू येत होतं. काय झालं याला? माझा कंटाळा आला का?

मंगळवारी सकाळी ऑफिसच्या संगणकावर मला एक पत्र आलं. शेजारच्या पर्यटन खात्याचं. 'आमच्या देशाची सर्वात निष्ठावान पाहुणी' म्हणून गुरुवारी माझा सत्कार होता. सोबत तिकीट.

मी तीनदा वाचलं आणि एकटीच खो-खो हसले. म्हणजे त्याच्याही खुर्चीशेजारी काल एक साहेब बसले होते! हसून झालं आणि मग तारीख परत वाचली. गुरुवारी तो इथल्या मंचावर, मी तिथल्या. दोघंही उघडे पडणार. मी पडले तर पडले, पण या शेजारधर्मापायी त्याची चारचौघांत फजिती झाली असती, ते मला सोसलं नसतं. मी जिना उतरून साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "म्हणजे आपला एकुलता एक पर्यटक त्यांचा कर्मचारी?"

"हो साहेब."

"आणि त्यांची?"

"मी, साहेब."

"अहो, फाईलवर उद्दिष्ट लिहिलंय की परदेशी माणूस आपल्या देशाच्या प्रेमात पडावा." त्यांनी कपाळाला हात लावला. "देशातल्या मुलीच्या, असं कुठे लिहिलंय?"

"तो पडलाय की नाही माहीत नाही साहेब. मी पडलेय."

ते क्षणभर हसले, मी पाहिलं. पण साहेब ते साहेबच. सत्कार रद्द, योजना बंद, चष्मा जमा, नोकरी संपली. चार वाजायला वीस मिनिटं असताना आभासी देशाचं दार कायमचं बंद झालं. तो चारला येऊन बंद दार वाजवत असेल, आणि मला त्याला साधं 'येते' म्हणायलाही वाट नव्हती.

घरी उशीत तोंड खुपसून मी वहिनीला सगळं सांगितलं.

"तिकीट आहे ना?" वहिनी म्हणाली.

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"खरं बोलायच्या तोंडाने. इथे बोललीस तसं तिथेही बोल आणि त्याचा पत्ता विचार."

"त्यालाही काढलं असेल तर? सापडलाच नाही तर?"

"दोन महिने लोकांना अख्खा देश दाखवायला बसली होतीस, आणि स्वतःला एक माणूस सापडणार नाही? ऊठ, बॅग भर."

गुरुवारी सकाळी मी गाडीत बसले. सीमेच्या स्टेशनवर दोन्हीकडच्या गाड्या समोरासमोर थांबतात आणि सगळ्यांना उतरून एकाच लांबलचक शेडमध्ये शिक्का घ्यावा लागतो. येणाऱ्यांची रांग डावीकडे, जाणाऱ्यांची उजवीकडे. बॅग गाडीतच जागेवर ठेवून मी रांगेत उभी राहिले.

"प्रवासाचं कारण?" खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं. मी पत्र पुढे केलं. त्याने ते खणखणीत आवाजात वाचलं. "'सर्वात निष्ठावान पाहुणी!' अरे वा. आज निष्ठेचा हंगाम दिसतोय. पलीकडच्या खिडकीत एक जण असंच पत्र घेऊन उभा आहे."

"साहेब, माझा शिक्का जरा थांबवा," पलीकडून आवाज आला.

तो आवाज... माझे कान तापले.

रांगेतून एक जण बाहेर आला. बाहुल्यापेक्षा चांगलाच बुटका. नाकावर घसरलेला साधा चष्मा, कान जरा मोठेच, हातात अर्धा बिस्किटाचा पुडा. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. हात हलवायचं बटण दोघांनाही सापडेना.

"कारंजेवाली?"

मी मान डोलावली.

"तुम्ही... उंच नाही आहात."

"तुम्हीही नाही."

"बरं झालं. मला फार काळजी होती." त्याने चष्मा वर ढकलला. "मंगळवारी संध्याकाळी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. नोकरी गेली. तुमचा मंचावर पाणउतारा व्हायला नको म्हणून..."

"मीही मंगळवारीच सांगितलं. माझीही गेली."

"चारला आलो होतो. दार बंद होतं." एवढं बोलताना त्याचा आवाज बसला, आणि या वेळी सर्दी नव्हती. "तेव्हा कळलं की मला तुमचा देशबिश काही नकोय. मला तुम्ही आवडता. हेच सांगायला निघालो होतो."

"मी वेगळं काय सांगायला निघाले होते?" मी म्हटलं, आणि काजळाचं व्हायचं तेच झालं.

त्याने आपलं नाव सांगितलं. मी माझं. अधिकारी खिडकीतून डोकं काढून ऐकत होता. त्याने मोठ्याने खाकरून विचारलं, "बाई, ती गाडी तुमचीच ना?"

ती निघाली होती. माझी बॅग आत, मी बाहेर.

"अगं बाई! माझी बॅग!"

"काही होत नाही. आमच्या स्टेशनवर उतरवून ठेवतील," तो म्हणाला. "मागची गाडी पाच मिनिटांत आहे. मीही येतो. फक्त... घरी जरा पंचाईत होईल."

"का?"

"आईला सांगून निघालोय, परत येईन तेव्हा सून घेऊनच येईन. आता सकाळी गेलेला दुपारीच परत..."

"सून? अहो, मी अजून कुठे हो म्हटलंय?"

"मग म्हण ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच अहो-जाहो विसरून.

लांबून गाडीची शिट्टी आली. अधिकाऱ्याने शिक्का हवेतच धरला होता.

"हो," मी म्हटलं.