फाट्यावर ‘शेवट’ म्हणणारा

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सायकलवाले काका स्टुलावर टेकले. बाहेर अंधार दाटला होता. उद्याच्या फेरीसाठी टायर बदलायला आलेली पोरं-पोरी पायरीवर बसली होती आणि खाणीकडच्या वाटेने जायचं की नाही, यावर त्यांची हुज्जत चालली होती.

“जा की,” काका म्हणाले. “फक्त उजव्या फाट्याला वळू नका.”

“का? तिथे भूत आहे?” एका पोरीने हसत विचारलं.

“ते तू ठरव. ज्याच्यावर हे गुदरलं तो वेल्डर माझ्या ओळखीतला. त्याच्या हाताला टाके घालत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. ऐकीव नाही हे.”

आणि काकांनी सांगितलं ते असं.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, पण चंद्र उशिरा उगवणार होता. रविवारी मोठी फेरी होती आणि तिची वाट आधी नजरेखालून घालायची, एवढंच वेल्डरचं काम. शहर संपतं तिथे आधी गोदामं लागतात, मग अर्धवट बांधलेल्या इमारती, मग कालव्याच्या कडेची खडीची वाट, आणि शेवटी बंद पडलेल्या दगडखाणी. त्या वाटेवर टायर जाड लागतात, हवा कमी लागते आणि मनगटं सैल सोडावी लागतात. वेल्डरने आपल्या सायकलचा सांगाडा स्वतः जोडला होता. त्याला आपल्यापेक्षा तिचा लळा जास्त, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची.

त्या संध्याकाळी तिने आपला धाकटा भाऊ त्याच्या गळ्यात मारला. आई गेल्यापासून तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

“अहो, नेताय तसाच परत आणा.”

“तुझा भाऊ आहे तो, काचेचं भांडं नाही.”

“भांडं असतं तर फडताळात ठेवून कुलूप लावलं असतं. ह्याला काय लावू?”

वेल्डर हसला, पण निघताना तिने त्याच्या बाहीला धरलं ते लवकर सोडलं नाही. “आणतो गं,” तो म्हणाला. “शब्द.”

असे पाचजण निघाले. आता ह्या मंडळींची एक रीत आहे, तुम्हीही पाळता. वाट फुटली की पुढच्यांतल्या एकाने फाट्यावर थांबायचं आणि मागच्यांना दिशा दाखवायची. सगळ्यात मागे असतो त्याला म्हणायचं शेवट. त्याने फाटा ओलांडताना मोठ्यांदा ओरडायचं, “शेवट!” ते कानावर पडल्याशिवाय फाट्यावरच्याने जागा सोडायची नाही. मग आभाळ कोसळो.

“दाजी, आज शेवट मी,” मेव्हणा म्हणाला.

“हौसेने कुणी शेवट होतं का रे?”

“मागे राहिलं की तुमची धाप ऐकू येते. तेवढीच करमणूक.”

कालव्याशी पाणी प्यायला थांबले तेव्हा पोराच्या जिभेला हाड राहिलं नाही. “दाजी, तो इथलाच ना? गेल्या वर्षीचा?”

गेल्या वर्षीचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुसऱ्या एका ग्रुपचा शेवट. फाट्यावरचा माणूस थंडीला कंटाळून त्याची वाट न पाहताच निघून गेला. मागून हा आला, तर फाट्यावर कुणीच नाही. गेला उजवीकडे. खाणीतला दगड चोरीला जात होता म्हणून कुणीतरी दोन खांबांना तार ताणून ठेवलेली. बरोबर गळ्याच्या उंचीला.

“धड तसंच सायकलवर बसून पुढे गेलं म्हणतात. पाय पॅडल मारतच होते.”

“गप रे, गाढवा.”

“आणि डोकं...”

“गप म्हणतो ना!”

अंधार पडता पडता फाटा आला. डावीकडची वाट पंपघराकडे, उजवीकडची खाणीत. वेल्डर थांबला. तिघे पुढे गेले. एकजण जाता जाता म्हणाला, “मेव्हणा आला तर डावीकडे पाठव, नाही आला तर बायकोला तोंड दाखवू नकोस!”

मग बराच वेळ कुणी नाही.

कालव्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मग खडी करकरली. एक सायकल आली. दिवा नाही. स्वार पांढराफटक, दगडाच्या भुकटीने माखलेला. डावीकडे वळताना ओरडला...

“शेवट!”

वेल्डरला एक गोष्ट खटकली. आवाज खालून आला होता. पॅडलच्या जवळून. पोरगा वाकून चेन बघत असेल, असं त्याने मनाला समजावलं.

“दिवा लाव की रे!” त्याने हाक दिली.

सायकल तशीच अंधारात शिरली.

‘शेवट’ तर झाला होता. त्याने फाटा सोडला.

पंपघराशी तिघेच उभे होते.

“मेव्हणा कुठाय?” त्यांनीच विचारलं.

“पुढे आला ना माझ्या.”

“आमच्यापर्यंत कुणी आलं नाही.”

कोण काय म्हणतंय ते ऐकायला वेल्डर थांबला नाही. सायकल वळवली आणि सुटला. त्याला सगळं दिसत होतं... पोराची चेन निसटलेली, तो मागे पडलेला, फाट्यावर आलेला, आणि फाट्यावर कुणीच नसलेलं.

उजवीकडे वळला. खाणीच्या तोंडाशी लाल दिवा दिसला. जमिनीलगत. हिसके खात पुढे सरकत होता.

मेव्हणा उताणा पडला होता. पाय सायकलीत अडकलेले. गळ्याभोवती तार. तिचं दुसरं टोक अंधारात ताठ गेलेलं, आणि त्या अंधारात कुणीतरी सायकल मारत होतं. पॅडल फिरलं की तार आवळायची. पोरगा हातभर फरफटायचा. पुन्हा पॅडल. पुन्हा हातभर. मानेतून रक्त चिळकांड्यांनी उडत होतं आणि घशातून आवाजाऐवजी बुडबुडे.

वेल्डरने तार धरली. ती तळव्यात लोण्यात जावी तशी गेली. सोडली नाही. मनगटाला वेढा दिला, टाचा खडीत रोवल्या. पलीकडून हिसका आला. तो तोंडावर आपटला. दात तुटला. गालाखाली खडी, डोळ्यांत भुकटी... दोघेही ओढले जात होते. पुढे खाणीची कडा. खाली काळं पाणी.

हाताला दगड लागला.

त्याने तार खडकावर धरली आणि ठेचली. पुन्हा ठेचली. एक घाव स्वतःच्याच बोटांवर बसला. हाड वाजलेलं त्याने ऐकलं. थांबला नाही. ठेचत राहिला. ठेचत राहिला.

तार तुटली.

पॅडल थांबलं.

मग खडी करकरली. जवळ... आणखी जवळ. अगदी त्याच्या कानापाशी, जमिनीलगत, कुणीतरी विचारलं.

“शेवट कोण?”

मेव्हण्याचे डोळे पांढरे झाले होते. त्याची बोटं वेल्डरच्या बाहीत रुतली होती. शेवट तोच होता. हौसेने झालेला.

“मी,” वेल्डर म्हणाला. “शेवट मी.”

...

मागचे तिघे पोहोचले तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं.

काका थांबले.

“पोरगा वाचला?” मघाशी हसलेल्या पोरीने विचारलं. आता ती हसत नव्हती.

“वाचला. कुजबुजतो, एवढंच. वेल्डरची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी खाणीतून सायकली आणून घरासमोर लावल्या. बायको बाहेर आली. बघते तर नवऱ्याच्या सायकलच्या हँडलला एक हेल्मेट अडकवलेलं. जुनं, पांढरं पडलेलं. भावाचं हॉस्पिटलात कापून काढलं होतं. नवऱ्याचं रात्रीच घरी आलं होतं. मग हे कुणाचं?”

“कुणाचं?”

“तिने ते उचललं. हनुवटीचा पट्टा लावलेला होता. घट्ट. कुणी डोक्यावरून काढायला तो सोडलाच नव्हता. तिने आत हात घातला...”

काकांनी आपला तळवा पँटला पुसला.

“आतली गादी घामाने ओली होती. आणि गरम.”