भेटायची वेळ चार ते सहा

कॉलेजात शिकलेलं नर्सिंग आणि इथलं नर्सिंग यांची फार तर तोंडओळख असावी, हे नव्या सिस्टरला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. तिथं प्रत्येक खाटेशी मॉनिटर होता. इथं अख्ख्या दवाखान्यात एकच सक्शन मशीन, आणि पाठीत दोन धपाटे घातल्याशिवाय तेही जागं व्हायचं नाही. डांबरी रस्ता संपून शेतं सुरू होतात तिथं हा दवाखाना होता. एक लांबलचक वॉर्ड, मधे हिरवा पडदा, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. फिनेलचा वास, उकळत्या पाण्यातल्या सुयांची खुळखुळ, आणि दुपारी पत्रा तापला की त्याचं कडकड वाजणं. डॉक्टर सकाळी यायचे आणि जेवणवेळेला दुसऱ्या गावच्या दवाखान्याकडे निघून जायचे. मग सगळा कारभार मोठ्या सिस्टरांकडे. थर्मामीटर झटकताना आणि माणसं झटकताना त्यांचा हात सारखाच चालायचा.

"इथं नाव लक्षात ठेवायच्या फंदात पडू नकोस," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "झाडू मारतात त्या मावशी, स्ट्रेचर ओढतात ते मामा, आणि मी मोठी सिस्टर. दवाखान्यात नातेवाईक कमी पडत नाहीत."

त्यामुळे चार वाजता दार उघडलं की आत येणाऱ्या गर्दीत एक बाई दिसायची, त्यात नव्या सिस्टरला काही वावगं वाटलं नाही. मध्यम वय, फिकट कपडे, नीट विंचरलेले केस. हातात पिशवी नसायची, डबा नसायचा. बाकीचे लोक दारात थबकून आपलं माणूस शोधायचे. ही बाई कुठंही न थांबता सरळ एका खाटेपाशी जाऊन बसायची. पेशंटचं तोंड पुसायची, उशी सारखी करायची. चेहरा बरा होता, एवढंच पाठ फिरल्यावर आठवायचं.

त्या दिवसांत पुरुषांच्या बाजूला एक म्हातारे शिंपी होते. न्यूमोनियानं छातीचा भाता झालेला, ऑक्सिजन लावलेला. त्यांचा मुलगा व्हरांड्यातल्या बाकावरच राहायला आल्यासारखा होता. बापाचं अंग पुसणं, चमच्याचमच्यानं चहा पाजणं, सगळं तोच करायचा. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन मनाची तयारी ठेवायला सांगितली होती.

त्या दुपारी ती बाई शिंप्यांपाशी बसली.

"धाकटी बहीण आली माझी," मास्कच्या आतून म्हातारे म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. त्यानंतर ऑक्सिजनही निघाला. नवी सिस्टर हरखून गेली. तिच्या हातचा हा पहिलाच पेशंट, जो जाता जाता राहिला होता. मुलगा चहाचा पेला घेऊन आला तेव्हा ती मुद्दाम तिथं उभी राहिली.

म्हाताऱ्यांनी पेला घेतला आणि जरा संकोचून विचारलं, "अहो, तुम्ही रोज माझ्यासाठी का तसदी घेता? तुमचं कोण आहे इथं?"

मुलगा हसला. "बाबा, पुरे आता थट्टा."

"थट्टा कसली? परक्यासाठी कोण करतं एवढं, म्हणून विचारलं."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. म्हाताऱ्यांना बाकी सगळं आठवत होतं. मेलेली बायको, दुकानातलं मशीन, गिऱ्हाइकांची मापंसुद्धा. फक्त हा मुलगा नव्हता. डॉक्टर म्हणाले, तापात होतं असं, येईल हळूहळू. घरी जाताना म्हाताऱ्यांनी मुलाच्या खांद्याचा आधार घेतला आणि वाटभर त्याचे आभार मानले.

"त्यांच्या बहिणीला बोलावून घ्या ना," नवी सिस्टर त्याला म्हणाली होती.

"कुठली बहीण?" तो म्हणाला. "बाबा एकुलते एक आहेत."

तिनं ते मनावर घेतलं नाही. निदान घ्यायचं नाही असं ठरवलं. पण नंतर एक पहिलटकरीण आली. बाळ सुखरूप झालं, पण रक्त थांबेना. सलाईन धावत होतं, इंजेक्शनं देऊन झाली होती, मोठ्या दवाखान्याची गाडी निघाली होती पण पोचायला संध्याकाळ होणार होती. पोरीचे ओठ कागदासारखे झाले होते. चार वाजता दार उघडलं आणि ती बाई आत आली.

"मोठ्या वहिनी," पोरगी पुटपुटली.

बाई तिच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. नव्या सिस्टरचा हात पोरीच्या पोटावर होता. तिला तळव्याखाली गर्भाशय आवळत आल्याचं जाणवलं. रक्त थांबलं. गाडी आली ती रिकामीच परत गेली.

सकाळी बाळ भुकेनं रडायला लागलं. नव्या सिस्टरनं ते दुपट्यात गुंडाळून आईकडे नेलं.

"किती रडतंय हो बिचारं," पोरगी म्हणाली. "कुणाचं आहे? द्या ना त्याच्या आईकडे."

तिच्या अंगावरचे कपडे दुधानं ओले झाले होते.

नवी सिस्टर बाळाला घेऊन तशीच स्टोअर रूममध्ये गेली. मोठ्या सिस्टर कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं, भडाभडा, एका दमात. त्या हातातलं काम न थांबवता ऐकत राहिल्या.

"ती बाई कोण आहे?" नव्या सिस्टरनं शेवटी विचारलं.

"ज्याच्यापाशी बसते त्याची कोणीतरी."

"तिला दारातच थांबवायला हवं!"

"मी थांबवलं होतं एकदा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी एक बोळा केला, मोडला, परत केला. "पेशंट संध्याकाळपर्यंत गेला. मला विचारशील तर, जीव वाचवणं हे आपलं काम. पुढचं आपल्याला शिकवलेलं नाही."

तरी त्या दुपारी नवी सिस्टर दारात जाऊन उभी राहिली. माणसं तिच्या अंगावरून आत गेली. सगळ्यांच्या मागून ती बाई आली.

"तुम्ही नक्की कोणाच्या?" नव्या सिस्टरनं आवाज शक्य तितका कडक केला.

बाईनं तिच्याकडे मायेनं पाहिलं. "दमलीस गं," ती म्हणाली. "खात नाहीस नीट. घरी फोन करतेस ना? करत जा. आपली माणसं धरून असावं."

आणि ती आत न येता परत फिरली. त्या दिवशी वॉर्डात कोणी अत्यवस्थ नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात नव्या सिस्टरला ताप भरला. पहिल्यांदा तिनं गोळी घेऊन ड्यूटी केली. मग थंडीनं दात वाजायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि मोठ्या सिस्टरांनी तिचा दंड धरून तिला बायकांच्या बाजूला खिडकीजवळच्या खाटेवर आडवं केलं. ज्या सलाईनच्या नळ्या ती रोज लावायची, त्यातली एक तिच्याच हातात गेली. डॉक्टर त्या दुपारी दुसऱ्या गावाला गेले नाहीत. ते तिच्याकडे न बघता तिच्या रिपोर्टकडे बघत होते. त्याचा अर्थ तिला नर्स म्हणून नीट कळत होता.

"घरी कळवलंय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "निघालेत."

पत्रा कडकड वाजत होता. चार वाजले.

तिनं डोळे गच्च मिटले. काही झालं तरी त्या बाईला काही म्हणायचं नाही. कुठलंही नातं तोंडातून काढायचं नाही.

खाट किंचित दबली.

कपाळावर ओली घडी आली. इतकी गार, इतकी बरी, की तिच्या घशातून हुंदका निघाला. ती ओठ दाबून पडून राहिली. बाईनं तिच्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली आणि आपल्या हातात घेतली. वाट बघत राहिली.

जीभ टाळूला चिकटली होती.

"आत्या," नवी सिस्टर म्हणाली, "पाणी."

तिच्या वडिलांना बहीण नव्हती. हे तिला माहीत होतं, आणि आता तसं वाटत नव्हतं. लहानपणी एकाच पांघरुणात शेजारी कोण झोपायचं? आत्या. अंधारात कानाशी कुजबुजून कोण हसवायचं? आत्याच. पाणी गोड लागलं. तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा सकाळ होती आणि अंग घामानं भिजून गार झालं होतं. मोठ्या सिस्टर नाडी बघत होत्या. त्यांचे डोळे लाल होते. ताप उतरला होता.

एकदम तिला शिंप्यांचा मुलगा आठवला. ती भराभर एकेकाला आठवत गेली. आई. बाबा. दादा. आजी, तिचा कापरा आवाज. चेहरे, हाका, भांडणं, सगळं जिथल्या तिथं होतं. कोणीच कमी नव्हतं. तिनं दोनदा ताडून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

आई आली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. "आई!" तिनं हात पसरले. आईनं तिला पोटाशी धरलं. दोघी रडल्या, हसल्या.

आईच्या मागे एक मुलगी उभी होती. प्रवासानं चुरगाळलेली, रडून रडून डोळे सुजलेली.

झाडूवाल्या मावशी हातातलं काम टाकून बघायला लागल्या होत्या. एकदा त्या मुलीकडे, एकदा खाटेकडे. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आरशात बघावं तशा हो! सांगितलं नाहीत कधी?"

नव्या सिस्टरनं त्या मुलीकडे पाहिलं. तिला तसं काही वाटलं नाही.

"अशी काय बघतेस?" मुलगी पुढं आली. तिचा आवाज फाटला. "मी आहे गं."

"बसा ना," नवी सिस्टर म्हणाली, आणि तिच्यासाठी खाटेवर थोडी जागा केली. "दमून आलेल्या दिसता."

ती मुलगी बसली नाही. आईचा पाठीवरून फिरणारा हात थांबला होता.

"आई," नवी सिस्टर हळूच आईच्या कानाशी लागून म्हणाली, "कोण गं ही? तिचं कोणी सिरियस आहे का?" मग तिनं सलाईनची नळी सांभाळत हात लांब केला आणि रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायच्या आपल्या मऊ आवाजात त्या मुलीला म्हणाली, "रडू नका. तुमचं माणूस बरं होऊन घरी जाईल बघा."