गादीतली खोट

इचलकरंजीची माणसं मोठ्यानं बोलतात, यात त्यांचा काही दोष नाही. तीन-चार पिढ्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्या. चहा मागवायचा तरी ओरडून आणि पोरीसाठी स्थळ सुचवायचं तरी ओरडून. अलीकडे माग पूर्वीसारखेच चालतात, पण त्यांचा आवाज येत नाही. प्रत्येक मागाच्या पायाखाली एक जाडसर करडी चटई बसली आहे आणि ती मागाचा सगळा हादरा गिळून टाकते. गल्लीत आता कोकिळा ऐकू येते, शेजारच्या घरातलं भांडणही शब्दन् शब्द ऐकू येतं. माणसं मात्र अजून ओरडूनच बोलतात. जित्याची खोड, ती काय चटईनं जाते?

त्या चटईचं नाव 'निवांत', आणि ती बनवणारी शर्वरी रासने याच गावची, विणकराच्या घरातली. दिसायला चटई साधी होती. वर एक कापड, खाली एक कापड आणि मध्ये धसकटांसारखे दाट उभे धागे. सगळी खुबी त्या उभ्या धाग्यांत होती. त्यांच्या गाभ्यात शर्वरीनं तयार केलेलं एक बहुवारिक होतं, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातला, रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा पदार्थ. धाग्यावर भार पडला की त्याला तो कळायचा. भार जास्त वेळ टिकला तर धागा आपण होऊन मऊ पडायचा आणि शेजारचा ताठ होऊन तो भार उचलायचा. मेण्याचे भोई खांदा दुखायच्या आत बदलतात, तसंच हे. शर्वरीनं या विणीला 'जाणती वीण' असं नाव दिलं होतं.

मागाखालची चटई झाली, मग ट्रकमधून जाणाऱ्या नाजूक यंत्रांची बैठक झाली, मग रिक्षाची सीट. पण तिच्या मनात पहिल्यापासून होती ती गादी, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठीची. अशा माणसाची पाठ एकाच जागी दाबली जाऊन सडते, तिला जखमा होतात. जाणत्या विणीवर कुठलीच जागा जास्त वेळ दाबली जाणार नव्हती.

गादीच्या बाबतीत शर्वरी हट्टी होती, आणि तो हट्ट आईकडून आलेला होता. मंगल रासने यांनी सारा जन्म कापड तपासण्यात घालवला. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड ओढायचं आणि खोट शोधायची. तुटका धागा, सुटलेली जागा, जाड गाठ, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "खोट नसंल तर कापड, न्हाईतर पोतेरं," हे त्यांचं घरातलं ब्रह्मवाक्य होतं. लेकीनं तेच माप गादीला लावलं. टाचेपासून टाळूपर्यंत दाब सगळीकडे सारखा, कुठे तसूभर कमी नाही की जास्त नाही. विणकराच्या पोरीला याहून मोठा अभिमान कसला असणार?

आणि मग, पहिली गादी तयार होते न होते तोच, आईलाच अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं तेवढं शाबूत राहिलं, आणि मंगलाबाईंच्या बाबतीत ते शाबूत राहिलं नसतं तर डॉक्टरांनाच नवल वाटलं असतं. शर्वरीनं पहिली गादी घरी आणली. आईच्या पाठीवर साधा लाल चट्टासुद्धा उठला नाही. बघायला आलेल्या परिचारिकांनी फोटो काढून नेले, आणि गावोगावच्या रुग्णालयांतून मागण्या येऊ लागल्या. कारखाना आणि विक्री सांभाळणारा तिचा भागीदार इम्तियाज बागवान आनंदानं आणखीच मोठ्यानं बोलू लागला.

"आई, काही दुखतंय का?" शर्वरी रोज विचारी.

"काय बी न्हाई. ढगावर झोपल्यागत वाटतंय. मी आता कुठं उठत न्हाई, इथनंच वर जातो बघ." मंगलाबाई जुन्या वळणाच्या, स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या. शर्वरी हसायची. आई थट्टा करते आहे म्हणजे आई बरी होते आहे, असा तिचा हिशेब होता.

हा हिशेब चुकला आहे, हे स्नेहल मगदूमनं सांगितलं. ती रोज व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट. शर्वरीला ओसरीवर बोलावून ती म्हणाली, "ताई, मेंदूचे नवे फोटो चांगले आहेत. पायाकडे जाणारा निरोप पुन्हा सुटतोय. पाय यायला हवा होता. पण काकू प्रयत्नच करत नाहीत. मी हलवते तेवढा हलतो, मी गेले की संपलं."

"करेल की हळूहळू."

"हळूहळूला वेळ नाही. सुरुवातीचे काही महिने मेंदू नवी वाट शोधत असतो. पाय वापरलाच नाही तर तो त्याला विसरून जातो. दसऱ्यापर्यंत काही झालं नाही तर पुढं मी आशा लावणार नाही."

आई पुन्हा चालणार, हे शर्वरीनं इतकं गृहीत धरलं होतं की त्याला मुदत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्या रविवारी ती कारखान्यात एकटीच होती. आईला कसं उठतं करावं या विचारानं डोकं शिणलं, म्हणून पाठवणीसाठी तयार असलेल्या एका गादीवर ती जरा आडवी झाली. डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. उठताना तिच्या लक्षात आलं, हात पोटावर जसे ठेवले होते तसेच आहेत. ओढणीची घडीसुद्धा मोडलेली नाही. ती तशीच बसून राहिली. लहानपणापासून झोपेत चारी दिशा फिरणारी पोरगी ती! मावसबहिणी तिच्याशेजारी झोपायला घाबरायच्या. आणि आज ती ओंडक्यासारखी पडून होती.

माणूस कूस का बदलतो? काहीतरी रुततं म्हणून. खांदा अवघडतो, कंबर कुरकुर करते, आणि झोपेतल्या झोपेत शरीर स्वतःला उचलून दुसरीकडे टाकतं. आईच्या शरीराला ती कुरकुर ऐकूच येत नव्हती. शर्वरीनं ती मुळातूनच पुसून टाकली होती. उत्तम कापडात खोट नसते म्हणून तिनं गादीतही ठेवली नव्हती. पण कापडाला कुठे चालायचं असतं?

तिला रडू आलं. स्वतःचा राग आला. मग, स्वभावाप्रमाणे, तिनं कागद पुढे ओढला.

"खोट घालायची?" दुसऱ्या दिवशी इम्तियाजचा आवाज पार गेटपर्यंत गेला. "मुद्दाम? आपण?"

"हळू बोल, मागांचा आवाज आता येत नाही. पाठीखाली मध्यभागी एक उंचवटा. अर्ध्या तासानं हळूहळू कडक होत जाईल. कातडीला इजा व्हायच्या कितीतरी आधी आपोआप विरेल. पण त्याआधी माणूस उजव्या कुशीवर वळला, तर लगेच विरेल. आणि आईला उजवीकडे वळायचं तर डावा पाय उचलून पलीकडे टाकावाच लागतो."

इम्तियाजनं कपाळाला हात लावला. "लोक मऊपणासाठी गादी घेतात, शर्वरी. त्यांना टोचून घ्यायला सांगायचं कसं? निदान बंद करायचं बटण तरी दे."

हे तिलाही पटलं. आईला सगळं समजावून सांगून तिनं बटण उजव्या हाताशी ठेवलं. मंगलाबाईंनी मान डोलावली, "कर बाई, तुला कळतंय." आणि उंचवटा जरा वर येतो न येतो तोच बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. "उद्यापासून बघू या. आज लईच रुतायलंय." इम्तियाजनं ओळखीच्या आणखी काही घरांत तशा गाद्या देऊन पाहिल्या. सगळीकडे लोकांनी उत्साहानं हो म्हटलं आणि सगळीकडे बटण दाबलं गेलं. दुखणं टाळता येत असताना ते अंगावर घेणारा माणूस विरळाच.

गणपती येऊन गेले. दसरा तोंडावर आला. एका सकाळी आईचं अंग पुसताना शर्वरीनं, फक्त इम्तियाजला सांगून, बटणाची आतली तार काढून टाकली. बटण जागेवर राहिलं, दाबलं की पूर्वीसारखा हिरवा दिवाही लागायचा. फक्त होत काही नव्हतं.

दुपारी आईनं हाक मारली. "शर्वरी, बटण चालंना गं. गादीत खोट आलीया."

"बघते हं," शर्वरी म्हणाली, आणि तिनं काही बघितलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मंगलाबाई चिडायच्या, गादीला शिव्या घालायच्या, कारखान्याला घालायच्या. उजव्या हातानं पलंगाची कड धरून स्वतःला ओढायचा प्रयत्न करायच्या आणि दमून पडायच्या. एकदा त्या मुकाट्यानं रडल्या. शर्वरी दाराआड उभी राहून ते ऐकत होती. तार परत जोडायला तिचा हात शिवशिवत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. आपण आईला छळतो आहोत, आणि हे बरोबर आहे, अशी दोन्ही वाक्यं तिला एकाच वेळी खरी वाटत होती.

खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा करून ती घरी आली. प्रसादाची वाटी घेऊन आत गेली, तर आई भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर झोपलेली. शर्वरीला आधी कळलंच नाही. मग तिनं पाहिलं, डावा पाय उजव्या पायाच्या पलीकडे पडला होता. गुडघ्यात वाकलेला. कुणी ठेवलेला नव्हता. घरात कुणी नव्हतंच.

"आई, पाय!"

"व्हय," भिंतीकडूनच आवाज आला. "टाकला मी. लई वैताग आला, मग गेला आपसूक."

शर्वरीनं आधी फोटो काढून स्नेहलला पाठवला, मग ती तिथेच खाली बसली. आईच्या पायाला मिठी मारून ढसाढसा रडली. तिच्या हाताखाली तो पाय थरथरत होता, जिवंत होता. एवढा आनंद तिला जाणती वीण पहिल्यांदा जमली तेव्हाही झाला नव्हता. आणि त्या आनंदाच्या भरात पोटात काही राहीना. तिनं तारेचं सगळं सांगून टाकलं.

मंगलाबाईंनी बटण चाचपून एकदा दाबलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी दाबत हुतो आन् तू बघत हुतीस."

"हो."

"विचारायचं हुतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालोच असतो," आई म्हणाली. "आन् पाय गेला असता. ते बी खरंच."

तेवढ्यात फोन वाजला. इम्तियाजचा होता, आणि त्याला स्पीकरची गरज कधीच नव्हती. "शर्वरी! स्नेहल मॅडमनी फोटो बघितला, काकूंचा पाय आला म्हणे! पुण्याचं रुग्णालय याचीच वाट बघत होतं, त्यांना हीच गादी हवीय. आणखी दोन रुग्णालयं लगेच घ्यायला तयार आहेत. डॉक्टर म्हणतात, बटण दिलं तर उपयोग नाही, आणि बटण बंद आहे हे सांगितलं तर कुणी झोपणार नाही. सांग, कसं पाठवायचं?"

शर्वरीला या गादीबद्दल आजवर कुणी असा प्रश्न विचारला नव्हता की ज्याचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. उंचवटा किती कडक, किती वेळ, किती वजनाच्या माणसाला कुठे, सगळं तिला ठाऊक होतं. गादी चालणार होती, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कितीतरी माणसं तिच्यामुळे उठून चालणार होती. तिनं फोन कानापासून खाली घेतला.

पलंगावर हालचाल झाली. मंगलाबाईंनी उजवा हात टेकला, डावा पाय आधी थरथरला, मग सावकाश मागे आला, आणि त्या स्वतःच्या स्वतः पाठीवर आल्या. चेहरा घामानं डबडबला होता. त्यांनी लेकीकडे सरळ बघितलं.

"मी तुझी आई हाय," त्या म्हणाल्या. "मी तुला चार शिव्या घालीन, दोन दिस बोलायचा न्हाई आन् इसरून जाईन. पर तिकडं कुणीतरी पडल्यालं असंल, बटण दाबून दाबून त्याचं बोट दुखंल. त्येनं कुणाला हाक मारायची?"