बेलाचेवचे बूट

पहाटे साडेपाचला अदिस अबाबाच्या खालच्या वस्तीतून धावणारी पोरं बसमध्ये उचलायची, एन्टोटो डोंगराच्या चढावर निलगिरीच्या रानापाशी सोडायची, पाण्याचे कॅन उतरवायचे, अंगावरून काढलेले स्वेटर गोळा करायचे आणि परत आली की मोजायची. एवढंच माझं काम. अकरा गेली की अकरा यायला हवीत. रानात तरसं आहेत आणि पोरं बिनडोक आहेत, म्हणून मोजायची. शाळा मी दोनच वर्षं पाहिली, पण अकरापर्यंत आकडे मला नीट येतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाल, म्हातारा मोजायला चुकला.

आमच्याकडे एकट्यानं धावत नाहीत. एकटा धावणारा म्हणजे एकटा जेवणाऱ्यासारखा, त्याच्या मनात काहीतरी आहे असं समजायचं. रांग करायची. पुढच्यानं झाडांमधून वाट काढायची आणि मागच्यांनी त्याच्या पायांवर नजर ठेवायची. वर बघायचं नाही, कडेला बघायचं नाही. त्याचा पाय पडेल तिथे आपला पाय. दगड, मुळं, खड्डे सगळं पुढचा बघतो. पोर नवीन आलं की कोच मेस्फिन त्याला पहिल्या दिवशी एकच सांगतो, "डोकं घरी ठेव. पाय बघ."

माझी नात अस्नाकेच त्या अकरांतली. तिची आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याच जिवावर. चार वर्षं झाली ती या रांगेत आहे. पावसाळा संपायच्या आत परदेशातल्या मॅरेथॉनला एक पोरगी आणि तिच्यापुढे धावून वेग धरणारा एक पोरगा पाठवायचा होता. पोरगी अस्नाकेचच, असं मेस्फिन म्हणत होता. फक्त शेवटच्या लांब पळण्यांत तिनं रांग ओढून दाखवायची, मग झालं.

आणि नेमकं त्याच पावसात हे सुरू झालं.

आधी शिमेलिस. तोंडाचा फाटका पोरगा, गप्प बसणं त्याला माहीत नाही. त्या दिवशी धुकं इतकं उतरलं होतं की बसच्या काचेतून पहिलं झाडसुद्धा दिसेना. पाऊस निलगिरीवर पडला की पानांचा एक उग्र, दवाखान्यासारखा वास सुटतो. तासाभरात यायची पोरं दोन तासांनी आली. मेस्फिन खवळला.

"दरीकडे कशाला नेलीस रे रांग? मरायचंय?"

"मी कुठे नेली?" शिमेलिस म्हणाला. "मी पुढच्याच्या मागे होतो."

"अरे गाढवा, पुढचा तूच होतास!"

पोरं हसली. शिमेलिस हसला नाही. ओला स्वेटर पिळत हळूच म्हणाला, "माझ्या पुढे पाय होते, कोच. मी पाय बघितले..."

तो नंतर आठ दिवस अंथरुणावर होता. ताप नाही, खोकला नाही, नुसती पायांतली ताकद गेलेली. मग पुढच्या पावसात दुसरा पोरगा, तोच प्रकार, तेच उत्तर. मग तिसरा. उघडीप असली की काही नाही. पाऊस आणि धुकं एकदम आलं, की पुढच्याच्या पुढे कुणीतरी.

पोरं कुजबुजायला लागली. कुणीतरी करणी करतंय, दुसऱ्याची ताकद चोरतंय. आमच्यात हे नवीन नाही. कुणी आपली बाटली दुसऱ्याला देईना, घामाचे कपडे माझ्याकडे टाकेनात, पोटाशी धरून बसायला लागली.

माझा संशय पहिल्या दिवसापासून एकावर होता. बेलाचेव.

हा उत्तरेकडच्या डोंगरातला. दोन महिन्यांपूर्वी आलेला. बोलणं नाही. पळून आल्यावर सगळी पोरं एका ताटात इंजेराची आंबूस भाकरी खातात, हा कडेला बसून भाजलेले जव चघळणार. काय तर म्हणे नवस आहे. रांगेत कायम शेवटी. आणि मी स्वतः, या डोळ्यांनी, तीन वेळा पाहिलं, की पावसाच्या दिवशी रांग यायच्या चांगली दहा मिनिटं आधी हा भलत्याच बाजूनं, एकटा, झाडांतून सुसाट बाहेर येतो. गुडघ्यापर्यंत चिखल. तोंड पांढरंफटक. येऊन बसच्या पायरीवर बसतो आणि रानाकडे बघत राहतो.

याचा अर्थ कळायला शाळा लागत नाही. हा मागून सुटतो, आडवाटेनं रांगेच्या पुढे जातो, धुक्यात पुढच्याला आपले पाय दाखवतो आणि दरीपर्यंत दमवतो. वेग धरणाऱ्याची जागा एकच होती, ती शिमेलिसची धरलेली. शिमेलिस निजला की ती कुणाला? मी हे अस्नाकेचला सांगितलं.

"आजोबा, तुम्हाला दूधवालाही चोर वाटतो."

"तो आहेच चोर."

"गेल्या वर्षी कोचवर संशय होता. त्याच्या आधी माझ्या मैत्रिणीवर. बेलाचेव बिचारा मुंगीला पाय लागू देत नाही."

"उद्या तू पुढे आहेस ना?"

"हो."

"आणि पाऊस येणार आहे."

"येऊ दे की."

म्हणून मी ते केलं. सकाळी पोरं बसमध्ये पेंगत होती, बेलाचेवनं बूट काढून सीटखाली ठेवले होते. चढावर एक वळण आहे, तिथे मी कायम बस थांबवून इंजिनचं पाणी बघतो. त्या दिवशी पाणी बघता बघता ते बूट उचलले आणि माझ्या सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत टाकले. कुलूप लावलं. बिनबुटाचा कुठे पळणार? माझ्या नजरेसमोर बसेल.

झालं तसंच. बूट सापडेनात. मेस्फिननं शिव्या घातल्या आणि त्याला बसमध्ये ठेवलं. दहा पोरं उतरली. अस्नाकेच पुढे. वर बघून हसली आणि धुक्यात शिरली. तिच्या मागे दुसरा, तिसरा... दहावा. मेस्फिन वरच्या रस्त्याला मोटारसायकल घेऊन गेला, पलीकडून वेळ घ्यायला.

बसच्या टपावर पाऊस वाजत होता. मी आरशातून बेलाचेवकडे बघत होतो. तो रानाकडे.

"गाशे," तो म्हणाला. म्हाताऱ्याला मान देऊन बोलायचं वळण होतं पोराला. "आज शेवटी कोण आहे?"

"असेल कुणीतरी. तुला काय?"

"त्याला हाक मारायची माहीत आहे का?"

"कसली हाक?"

तो सीटवरून उठून माझ्या मागे आला. आवाज इतका खाली, की पावसातून कान देऊन ऐकावं लागत होतं.

"आमच्या डोंगरात, पावसात रांगेच्या पुढे... ते लागतं कधीकधी. त्याचं नाव घेत नाहीत. पाय बघणारी माणसं त्याला आवडतात. पुढच्याला त्याचेच पाय दिसतात. मग मागच्यानं पुढच्याचं नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे तो वर बघतो आणि सुटतो."

"आणि?"

"आणि मग ते हाक मारणाऱ्याकडे वळतं. त्यानं पळायचं, गाशे. बस दिसेपर्यंत. जीव खाऊन पळायचं. मी पळतो."

दहा मिनिटं आधी. एकटा. पांढरंफटक तोंड. मी म्हणालो, "मग आधी बोलला का नाहीस?"

"कुणाला? तुम्हाला?" तो पहिल्यांदाच हसला. "तुम्ही माझ्याकडे बघता कसे, ते मला दिसत नाही का?"

घड्याळात पाऊण तास झाला होता.

"माझे बूट कुठे आहेत, गाशे?"

नीट ऐका. पेटी माझ्या मांडीखाली होती. किल्ली खिशात होती. त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला माहीत होतं. आणि मी, बहात्तर वर्षांचा घोडा, काय म्हणालो?

"मला काय माहीत?"

त्यानं मान हलवली. अंगावरचा स्वेटर काढून घडी घालून सीटवर ठेवला. दार उघडलं आणि अनवाणी, त्या धारदार दगडांच्या आणि तुटक्या फांद्यांच्या रानात, पावसात शिरला. मी पेटी उघडेपर्यंत तो दिसेनासा झाला होता. बूट हातात घेऊन मी पहिल्या झाडापर्यंत गेलो. पुढे पाय उचलेना.

बऱ्याच वेळानं लांबून हाक आली. एकदाच.

"अस्नाकेच!"

मग पाऊस.

रांग आली तेव्हा मी मोजली. अस्नाकेच पुढे. तोंडाचा रंग उडालेला, पण पायावर उभी होती. मला बिलगली. "आजोबा, मी कुणाच्या तरी मागे होते... मग कुणी हाक मारली." मी तिला धरून मोजत राहिलो. आठ, नऊ, दहा.

अकरा. सगळ्यांत शेवटी बेलाचेव. दमलेला नाही. शांत. तो माझ्या शेजारून बसमध्ये चढला, घडी घातलेल्या स्वेटरकडे बघितलंसुद्धा नाही.

मी त्याच्या पायांकडे बघितलं. दीड तास पावसाच्या रानात अनवाणी. पाय स्वच्छ होते. एक ओरखडा नाही. बोटांमध्ये मातीचा कण नाही.

शरमेनं मी बूट त्याच्यापुढे केले. "सापडले," म्हणालो. त्यानं ते घालून बघितले, पण पायात गेले नाहीत. टाच दोन बोटं बाहेर राहिली. माझ्याकडे बघून हसला आणि बूट परत दिले.

"राहू द्या, गाशे. माझे नाहीत."

त्या दिवशी तो सगळ्यांबरोबर एका ताटात जेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात प्रेमानं दुसऱ्याच्या तोंडात घास भरवतात, तसा त्यानं मला भरवला. बोटं ओठांना लागली. गार होती, विहिरीच्या तळच्या दगडासारखी, आणि त्यांना निलगिरीच्या कुजलेल्या पानांचा वास होता. घास मी गिळला. पोरं बघत होती.

या गोष्टीला आता बारा दिवस झाले. कुणी आजारी पडत नाही. मेस्फिन खूश आहे. वेग धरायला बेलाचेव, असं ठरलं. आता रोज तोच पुढे असतो आणि अस्नाकेच दुसरी, त्याच्या पायांवर नजर लावून. मी तिला सगळं सांगितलं. पाय, बूट, घास, सगळं.

ती म्हणाली, "आजोबा, आधी तुम्ही म्हणालात तो करणी करतो. ते चुकलं. त्यानं माझा जीव वाचवला. आता म्हणता तो तो नाहीच?"

"हो."

"मग उद्या म्हणाल, मी मी नाही."

जन्मभर सगळ्यांवर भुंकलेला कुत्रा मी. खरा चोर आला तर कोण उठणार?

मेस्फिनला सांगितलं, तर म्हणाला, गाशे, आता घरी बसा.

ते बूट माझ्याकडेच आहेत. पावसाच्या दिवशी रांग आत गेली, की मी ते त्या पहिल्या झाडाखाली ठेवतो, नाड्या सैल करून, टाचा रानाकडे, म्हणजे येणाऱ्याला पाय घालायला सोपं. का, ते विचारू नका. पहिल्या दिवशी ते तसेच भिजत पडले. दुसऱ्या पावसातही. म्हटलं, म्हाताऱ्या, वेडा झालास.

आज पुन्हा पाऊस होता. उद्याचं पळणं शेवटचं, दरीच्या बाजूनं, बेलाचेव पुढे. परवा त्यांचं विमान. मी बसमध्ये बसलो होतो, काच खाली करून. आठच्या सुमाराला आतून हाक आली, फार लांबून, बसलेल्या घशाची.

"अस्नाकेच!"

थोड्या वेळानं रांग आली. मी मोजली. अकरा बरोबर. बेलाचेव पुढे. त्यानं मला हात केला. अस्नाकेच त्याच्या मागे, मान खाली. हाकेला तिनं वर बघितलं नव्हतं.

सगळे चढल्यावर मी झाडाकडे गेलो. बूट होते तिथेच होते. पण टाचा बसकडे होत्या आणि टोकं रानाकडे वळली होती. नाड्यांना गाठी होत्या, दुहेरी, बेलाचेव मारायचा तशा.

मी आत हात घातला. पाऊस पडत होता, बूट बाहेरून चिंब होते.

आतून गरम होते.