टेपचं दुसरं टोक

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर हिमनदी आहे… वर निळसर, खाली राखेने काळवंडलेली. पायाखाली काळी वाळू, गालावर बारीक, टोचणारा पाऊस. आज तिथे तळं आहे. तेव्हा बर्फ होता, आणि मी तेवीस वर्षांची होते.

स्काफ्ताफेल्ल हा तिथला परिसर नुकताच राष्ट्रीय उद्यान झाला होता. मी तिथल्या वाड्यावस्त्यांवर फिरून मुलांना शिकवायचे. शनिवारी माझा मुक्काम हलणार होता, म्हणून एकदा हिमनदी बघून घ्यावी म्हटलं.

“अहो, हे टोक धरता का जरा?”

उंच, चिंब भिजलेला तरुण. हातात मोजायची टेप.

“आणि टोक घेऊन पळाले तर?”

“पन्नास मीटर पळा. पुढे मी खेचून आणतो.”

त्याचं नाव इल्लुगी. खुणेच्या दगडांच्या राशीपासून बर्फ किती लांब आहे, हे त्याचे वडील दर शरदात मोजत. पस्तीस वर्षं, एकही चूक नाही. यंदा त्यांचा गुडघा दुखावला होता.

मी टोक धरायचे. तो टेप ताणायचा आणि वळून बघायचा… जरा जास्तच वेळ. टेप एकदा पूर्ण ताणली की मी एक खडा खिशात टाकत होते. शेवटी खडे झाले नऊ. त्याने वडिलांच्या वहीत लिहिलं आठ.

मी खडे खिशातच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी मी शिकवत होते त्या घराच्या दारात तो उभा. “बाबा विचारतायत, बर्फ एका वर्षात पन्नास मीटर धावत आला काय? परत मोजायचंय… येशील?”

पुन्हा मोजलं. नऊ. त्याचे कान लाल झाले.

“त्या वहीत पहिली खाडाखोड माझी. बाबा आता वही देणार नाहीत.”

मी कालचे नऊ खडे त्याच्यापुढे धरले. “मला कालच माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर आज तू आला असतास?”

तो हसला नाही. “हे बाबांना सांगशील?”

सांगितलं, त्यांच्याच स्वयंपाकघरात, ओल्या मोज्यांनी उभं राहून. म्हाताऱ्यांनी मला न्याहाळलं, मग मुलाला. “आठ खोड, नऊ लिही,” ते म्हणाले. “आणि वही तुझ्याकडेच ठेव. एकट्याने मात्र जाऊ नकोस.”

इल्लुगी मला फाटकापर्यंत सोडायला आला.

“पुढच्या वर्षी टोक कोण धरणार?”

“दगड ठेव की त्यावर.”

“दगडाकडे वळून काय बघायचं?”

शनिवारी मी गेले. पुढच्या शरदात परत आले… पेटी, पुस्तकं, सगळं घेऊन.