चाळीस हजार दारांचा आकडा

हातात खोकं घेऊन तो दारात उभा राहिला, तेव्हा तिचं एका इलेक्ट्रॉनिक कुलपाशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. कुलूप समोर नव्हतंच. स्क्रीनवर नुसता कुलपाचा प्रोग्रॅम होता.

“कुरिअरवाला आला नाही, म्हणून कंपनीतून मीच आलो. कुलपं कुठे ठेवू?”

“ठेवा कुठेही. मला कुलूप नकोच आहे,” ती मान वर न करता म्हणाली. “कुलपाशिवायच प्रोग्रॅमला वाटायला हवं, की आपण कुणाच्या तरी दारावर बसलोय. पण हा सारखा विचारतोय, मोटर आहे का... मोटर आहे का... मी ‘आहे’ म्हणून खोटंच सांगते, तरी रुसून बंद पडतो!”

तो हसला. “फार पटकन सांगताय. कडी सरकवणारी खरी मोटर उत्तर द्यायला अर्धा सेकंद लावते. तेवढं थांबून बघा.”

ती थांबली. प्रोग्रॅम मुकाट्याने सुरू झाला. आता कुठे तिने वर पाहिलं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“मीच लिहिलाय तो.”

मग काहीतरी निमित्त काढून तो रोज चार वाजता येऊ लागला, दोन कॉफ्या घेऊन. चोराच्या आधी कुलपातली चूक शोधायची, हे तिचं काम. आणि पावणेचारला आरशात डोकावायचं, हे नवीनच लागलेलं खूळ.

दहाव्या दिवशी, सकाळी अकराला, तिला प्रोग्रॅममध्ये लपलेला एक आकडा सापडला. तो टाकला की त्या बनावटीचं कुठलंही कुलूप उघडत होतं! चाचणीच्या दिवसांत त्यानेच सोयीसाठी ठेवलेला, आणि काढायचा राहून गेलेला. अशी चूक करणाऱ्याला आधी सांगायचं नाही, सरळ त्याच्या कंपनीकडे अहवाल पाठवायचा, असा तिच्या ऑफिसचा नियम होता. आणि अहवाल गेला की त्याच्या नोकरीवर गदा येणार होती.

चारला तो आला. तिने कॉफीला हातही लावला नाही.

“तीन वाजता अहवाल पाठवला. तुमचा आकडा... आतच राहिलाय.”

तो मटकन खुर्चीत बसला. “किती घरं?”

“चाळीस हजार.”

“त्यात एक माझ्या आईचं...” तो हळूच म्हणाला. “मला आधी सांगितलं असतंत, तर दुरुस्तीला मी दोन दिवस मागितले असते.”

“आणि मी दिले असते. म्हणूनच नाही सांगितलं.”

तो निघून गेला. मग वीस दिवस फिरकला नाही. आपण केलं ते बरोबरच, हे पक्कं माहीत असूनही तिला रडू यायचं ते यायचंच.

एकविसाव्या दिवशी तो आला, दुरुस्त केलेला प्रोग्रॅम घेऊन. “हुद्दा गेला, नोकरी वाचली. तपासा.”

तिने आकडा टाकला. कुलूप ढिम्म हललं नाही.

“म्हणजे माझं इथलं काम संपलं,” तो म्हणाला, पण त्याचा पाय निघेना.

“त्या अहवालात एक गोष्ट लिहिली नव्हती मी,” ती घाईने म्हणाली. “आकडा सापडला अकराला. पाठवायला तीन वाजले.”

“चार तास? का?”

“का म्हणजे... तुम्ही आवडता म्हणून!”

“आणि तरी पाठवलात.”

“तरी पाठवला.”

“आईला सगळं सांगितलं मी. म्हणाली, जिने तुझी गय केली नाही, तिला सोडू नकोस.”

तिने डोळे पुसले आणि पर्स उचलली.

“मग चल ना,” ती म्हणाली, “आईंना भेटायला.”