दुपट्याची घरं

दुपट्यावर अठ्ठेचाळीस घरं होती. आडवी सहा, उभी आठ. कापड पांढऱ्या खादीचं. एका सेंटिमीटरला उभे धागे अठरा, आडवे सतरा. ते मोजून कापायचे आणि सुईच्या टोकानं उचलून एकेक ओढून काढायचे, की कापडात चौकोनी भोकं पडतात. भोकांच्या कडा दोऱ्यानं बांधून घ्यायच्या. मग प्रत्येक भोकात एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणायचा, परत येताना त्याच दोऱ्याला पीळ घालत यायचं आणि मधोमध चक्र विणायचं. भोकाला घर म्हणायचं, आणि या विणण्याला घर भरणं. अठ्ठेचाळीसपैकी नऊ घरं भरलेली होती. एकोणचाळीस रिकामी.

सुकन्यानं ही मोजणी सहज केली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती अंबाजोगाईहून घाटनांदूरला घरी आली होती, संध्याकाळी दहावीच्या मुलांची शिकवणी घेत होती, आणि दुपार तिच्या अंगावर यायची. घरात ती आणि आई, विमलबाई. भाऊ प्रविण आणि वहिनी सुरेखा दिवाळी होताच ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेले होते. सुरेखाला पाचवा महिना होता. जोडीशिवाय टोळीत घेत नाहीत, म्हणून गेली. जाताना दुपटं पेटीत ठेवून म्हणाली, "वन्सं, हात लावायचा न्हाई बरं. राहिलेली घरं मी आल्यावर भरते."

विमलबाईंच्या माहेरची रीतच तशी होती. पहिल्या बाळाचं दुपटं एकाच हातचं हवं. धागे ज्या हातानं काढले, त्याच हातानं घरं भरायची. दोन हात लागू द्यायचे नाहीत. लागले तर काय होतं, ते सुकन्यानं एकदा विचारलं होतं. विमलबाई म्हणाल्या, "लावलेच न्हाईत कुणी कदी. मला काय म्हाईत?"

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सुकन्यानं पेटी उघडली ती स्वेटर काढायला. दुपटं वरच होतं. भरलेली घरं बारा होती.

आधी आपलंच मोजायला चुकलं असेल, असं तिला वाटलं. मग तिनं मोबाइलमधला जुना फोटो काढला. त्यात नऊच होती.

"आई, तू भरलीस?"

विमलबाई सूप घेऊन तूर पाखडत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा सुकन्यालाच ओवून द्यावा लागे. "मला सुईचं भोक दिसंना, अन् मी घरं भरू? डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

शेजारच्या चंद्रभागाबाई उंबऱ्यावर टेकल्या होत्या. त्या हसून हसून वाकल्या. "चोर येतो अन् भरून जातो व्हय गं? मंग आमच्याकडं बी धाड त्याला. दोन गोधड्या पडल्यात तशाच."

सुकन्याही हसली. पण पेटीला तिनं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

आठवडाभरानं घरं सतरा झाली.

तिनं भिंग आणून नव्या घरांवर धरलं. टाके एकसारखे, घट्ट, कुठंही गाठ नाही. आणि पीळ डावीकडं झुकलेला. इथं तिचा हात थांबला. सुरेखा पक्की डावखुरी. शाळेत मास्तरांनी बोटांवर छड्या मारल्या, तरी उजवा हात चालला नाही. तिचा कोयतासुद्धा लोहाराकडून वेगळा करून घेतलेला, आणि उसाच्या फडात ती कायम ओळीच्या टोकाला उभी राहायची, शेजारच्याला लागू नये म्हणून. ती भरेल त्या घराचा पीळ डावीकडंच जायचा; बाकी बायकांचा उजवीकडं. सुकन्यानं एका चिंधीवर डाव्या हातानं तसं घर भरून पाहिलं. दोऱ्याचा गुंता झाला आणि बोटात सुई घुसली.

म्हणजे झोपेत आपणच भरतो आहोत, ही शंकाही उरली नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पेटीतलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं तेवढंच होतं. नव्या घरांना मात्र एक वास येत होता, हिरवट आणि गोडसर. चक्रावरून बोट फिरवलं तर काहीतरी बारीक टोचलं. भिंगाखाली कूस दिसलं, उसाच्या पाल्यावर असतं तसलं. घाटनांदूरच्या त्यांच्या रानात तूर होती आणि हरभरा होता. ऊस नव्हता.

रविवारी प्रविणचा फोन आला. त्यानं तो सुरेखाकडं दिला. मागं कुणीतरी बैलांवर ओरडत होतं.

"कशी हायेस, वहिनी?"

"मला काय धाड भरली? पोट लई पुढं आलंय, वाकाय येईना. तुमचे भाऊ म्हणतेत, तू नुसतं बैलांला घालायचं वाढं गोळा कर." ती हसली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "वन्सं, एक सांगू? हसचाल. दुपारच्याला भाकर खाऊन सावलीला पडते ना, की डोळा लागतो. अन् सपनात मी दुपट्याची घरं भरीत बसते. रोज. काल दोन झाली."

सुकन्याच्या हातात दुपटं होतं. काल दोन झाली होती.

"एकूण किती झाली गं?" तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"एकवीस."

एकवीसच होती.

"जाग आली की हात जड जड लागतो बघा. अंगातलं काहीतरी तिकडंच राहिल्यावानी. पण बरं वाटतं तिकडं. आपल्या दारातलं ऊन दिसतं. तुमी दिसता."

"मी? काय करताना?"

"माज्याकडं बघत बसलेल्या असता."

फोन ठेवल्यावर सुकन्यानं याचा नीट विचार करायचं ठरवलं. प्रयोगशाळेत तिला शिकवलं होतं की आधी निरीक्षण, मग अंदाज, मग तपासणी. निरीक्षणं भरपूर होती. अंदाज एकही बांधता येईना. आईला सांगितलं तर ती घाबरेल. प्रविणला सांगितलं तर तो म्हणेल, शिकून येडी झाली. मग एका दुपारी ती दुपटं मांडीवर घेऊन दारातल्या उन्हात बसली आणि रिकाम्या घरांवर नजर रोखून राहिली. डोळ्यांत पाणी आलं तरी हलली नाही. बराच वेळ काही झालं नाही. परळीकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी वाजली. तिनं मान वर केली, एवढंच. पुन्हा खाली पाहिलं तर तिच्या अंगठ्याजवळचं घर भरलेलं होतं. चक्र अजून कोमट होतं.

पौष संपेपर्यंत घरं एक्केचाळीस झाली. फोनवर सुरेखाचा आवाज दर खेपेला लांबून आल्यासारखा वाटे. ती कमी बोलायची, मध्येच थांबायची; कुणीतरी आठवण करून दिल्यासारखी पुन्हा बोलू लागायची.

"वहिनी, तू दुपारी झोपू नकोस."

"न झोपून कसं व्हईल? डोळं उघडंच राहत न्हाईत."

"मग निघून ये इकडं. मी दादाशी बोलते."

"आता लईच थोडी राहिलीत, वन्सं. ती झाली की नीट झोप लागंल. एकदाची."

सुकन्यानं प्रविणला सांगून पाहिलं. तो चिडला. "आठव्या म्हैन्यात यष्टीत बसवून धाडू व्हय तिला? इथं दवाखाना हाय. तू तुजी शिकवणी घे."

माघातल्या एका दुपारी तिनं पेटी उघडली, तेव्हा सत्तेचाळीस घरं भरलेली होती. अगदी खालच्या ओळीतलं, उजव्या कोपऱ्यातलं एकच रिकामं होतं. त्यात दोरा कर्णाकर्णानं ताणून झालेला होता. चक्र तेवढं राहिलं होतं.

शेवटचं घर भरलं की काय होणार, ते तिला ठाऊक नव्हतं. पण ते भरू द्यायचं नाही, एवढं तिला कळलं. ताणलेला दोरा तिनं सुईनं उपसून काढला. मग लक्षात आलं, की तो पुन्हा ताणला जाईल. काम संपू द्यायचं नसेल तर काम वाढवायला हवं. खालच्या काठाशी चार बोटं कोरं कापड शिल्लक होतं. आणखी एक ओळ तिथं सहज बसली असती. आणखी सहा घरं.

तिनं धागे मोजले. कात्रीचं टोक पहिल्या धाग्याखाली घातलं.

धागा तुटल्याचा आवाज होत नाही. तेव्हा झाला.

ती थांबली नाही. उभे कापले, आडवे कापले, सुईनं उचलून ओढून काढले आणि कडा बांधल्या. सहाही घरं सरळ आली. काढलेले धागे तिच्या मांडीवर पडले होते. ओले होते.

विमलबाई आतून आल्या. दिसत नसलं तरी बोटांनी कापड ओळखणारी बाई. दुपट्याच्या काठावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि तो खालच्या ओळीवर थांबला.

"हे धागे कुणी काढले?"

सुकन्यानं कात्री मिटून बाजूला ठेवली.

"सुकन्या, हे सुरेखाचं न्हाई."

"मी काढले, आई. संपत आलं होतं."

विमलबाईंनी हात मागं घेतला आणि लुगड्याला पुसला.

दिवेलागणीला प्रविणचा फोन आला. तो रडत होता, की हसत होता, ते पटकन कळेना. "पोरगी झाली. लवकर झाली, पण चांगली हाय. सुरेखा दुपारी फडातच पडली गं. दवाखान्यात नेली तवा डॉक्टर म्हणले, गेली. मी तिचे पाय धरून बसलतो. अन् मंग एकदम आली श्वासावर. डॉक्टरलाच कळंना."

"आता कशी आहे?"

"लई चांगली. आधीपरीस चांगली. उठून बसली, च्या पेली."

त्यानंतर दुपट्यावरचं एकही घर भरलं गेलं नाही. सात रिकामी होती, सातच राहिली. उसाचा वासही गेला. सुकन्या रोज पेटी उघडून बघे. आपण वाचवलं तिला, असं कधीतरी वाटे. पण कशापासून, हे सांगता आलं नसतं.

पाडव्याच्या आधी टोळी परतली. ट्रॅक्टरमधून भांडी उतरली, सरपण उतरलं, आणि बाळाला पदराखाली घेऊन सुरेखा उतरली. विमलबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुरेखाच्या अंगावर तेज होतं. बाळंतपणानं आणि फडानं बायका खंगतात. ही भरली होती. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "अगं, तू ऊस तोडाय गेलतीस का खाया?" सगळे हसले. सुरेखाही हसली, जराशी उशिरा.

"तुजा कोयता कुठं गं?" सामान लावताना सुकन्यानं विचारलं.

"तिकडंच टाकला," सुरेखा म्हणाली. "हाताला बसत नव्हता."

दुसऱ्या दिवशी बाळाचं बारसं ठरवायला बसले, तेव्हा विमलबाईंनी दुपट्याचा विषय काढला. सुरेखानं सुकन्याकडून किल्ली घेऊन ते पेटीतून आणलं, उन्हात धरलं आणि खालच्या ओळीकडं बघून म्हणाली, "इतकीच राहिलीत व्हय? आत्ता भरते." नवी ओळ कुणाची, हे तिनं विचारलं नाही. ती दारात पाठमोरी बसली. सुकन्यानं बाळाला मांडीवर घेतलं. पोरीनं इवल्याशा डाव्या मुठीत तिचं बोट पकडलं आणि सोडेना. सुरेखाची मान खाली होती, दोरा सपसप ओढल्याचा आवाज येत होता. चहा उकळून निवेपर्यंत तिनं सातही घरं भरली, दोरा दातानं तोडला आणि दुपटं बाळावर पांघरलं.

"झालं बघा, वन्सं. एकाच हातचं."

ती भाकरी टाकायला आत गेली. विमलबाई तिच्या मागोमाग गेल्या नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिल्या.

बाळ झोपलं. सुकन्यानं दुपट्याची कड उचलली, भिंग काढलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक घर तपासत खाली आली. मग पुन्हा एकदा, खालून वर.

घरं चोपन्न. डावा पीळ, सत्तेचाळीस. उजवा पीळ, सात.